पट्टा पडायच्या आत

माझा स्वभाव तापट. माय म्हणायची, "हिच्या नाकावर माशी बसत न्हाई, अन् बसलीच तर भाजून मरंल." आता सत्तरी उलटली, गुडघे गेले, पण नाकाचं काही बिघडलेलं नाही. मोठी नात बीडला राहून लहान मुलांच्या मनाचा कसलासा अभ्यास करते. परवा सुट्टीत आली तेव्हा मोठ्या ऐटीत मला सांगत होती, की एवढ्याशा लेकराला मोठा धक्का बसला तर एकट्या लेकराला दाखवून आणून भागत नाही, त्याला सांभाळणाऱ्या माणसालाही सोबत बसवावं लागतं, दोघांना मिळून खेळायला लावतात. मी म्हटलं, "बाई गं, हे मला खताच्या गोदामात शिकवलंय." ती हसली. तिला वाटलं आजी नेहमीसारखी फेकतेय. त्या हसण्याचा मला राग आला आणि म्हणून हे लिहायला बसले.

आमचं गाव पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. त्या साली पाऊस नावाला आला आणि गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, गाडीचे बैल सोडून बाकी जनावरं बाजारात गेली, आणि घरोघरी रेशनची तांबडी मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आली. मिलोची भाकर थापायला गेलं की कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे व्हायचे. मी तुकडे ताटात जुळवून आबांना, म्हणजे वडलांना, वाढायचे आणि आबा मुकाट्यानं खायचे. सोबत मिरचीचा ठेचा, फारच चैन असली तर अंबाडीची वाळलेली भाजी. गावाखाली पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं, त्यामुळे सकाळपासून गावात कुदळींचा आणि दगड फोडल्याचा आवाज भरलेला असायचा. माझी थोरली बहीण, आक्का, दोन कोसांवर दिलेली होती. तिच्या गावाला काम लागलं नव्हतं, म्हणून ती आणि दाजी, म्हणजे तिचा नवरा, चार वर्षांच्या नंदीला घेऊन आमच्याकडे राहायला आले होते. घर दीड खणाचं, त्यात आम्ही सहा माणसं. तरी मला ते दिवस भरल्या घराचे वाटतात, कारण आक्का बडबडी होती आणि नंदी तिच्यावर गेलेली. दोघी मायलेकी दिवसभर एकमेकींना काहीतरी सांगत असायच्या, आणि मी मधूनच ओरडायचे, की जरा तोंडं मिटा.

तलावाच्या कामावर प्रत्येक घराला खड्डा मोजून दिलेला असे. संध्याकाळी खणलेल्या मातीचं माप होई. वरून कुदळ मारत बसलं तर दिवस जातो, म्हणून लोकांनी एक युक्ती काढली होती. खड्ड्याची कड खालून पोखरत न्यायची. पुरेशी पोखरली की वरची माती आपल्याच वजनानं खाली बसते, मग नुसती पाट्या भरून वाहायची. सगळेच तसं करत. आमच्या घरचेही करत. त्या पोखरलेल्या कडेखाली दुपारची वीतभर सावली पडे, म्हणून पाण्याची घागर तिथंच ठेवायची पद्धत होती.

त्या दिवशी नंदीला घरी मी सांभाळायचं ठरलं होतं. पण गावातल्या सोसायटीनं गोदामात बायकांसाठी शिवणवर्ग काढला होता, तिथं दोनच मशिनी होत्या आणि त्या दिवशी पायडल मारायची पाळी माझी होती. मी आक्काला म्हटलं, "तुजी पोर तू घेऊन जा. मला मागं लोढणं नगं." आक्का हसली, नंदीला काखेत मारलं आणि गेली. दुपारी जेवणाआधी ती पाणी घ्यायला घागरीकडे वाकली आणि कड बसली. लोकांनी हातांनी माती उपसली. नंदी दहा हातांवर बाभळीखाली बसलेली होती. कुणीतरी तिला उचलून शेजाऱ्यांच्या घरी नेलं, आणि सगळं उरकून दहावा होईपर्यंत ती तिथंच राहिली. तिनं नंतर काही पाहिलं नाही, याचंच आम्हाला समाधान होतं. आधी काय पाहिलं, हे कुणी मनात आणलं नाही. चार वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतंय, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

ती घरी आली ती मुकी होऊनच. रडली नाही, माय कुठं म्हणून विचारलं नाही. पंधरवड्यानं ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आबा आणि दाजी गाडी जुंपून माजलगावच्या बाजूला कारखान्यावर निघाले. नंदी दारातल्या मेढीच्या खांबाला धरून गाड्या जाताना बघत होती. तिचं ते तोंड मायला पाहवलं नाही, आणि ती बोलून गेली, "तुजी माय फुडच्या गाडीत गेली बग. पट्टा पडला की येती." आमच्याकडे ऊस संपून कारखाना बंद झाला की पट्टा पडला म्हणतात. तो पडला की आयाबापांच्या गाड्या घरी येतात, हे आमच्या भागातलं बोबडं पोरसुद्धा जाणतं. दुसऱ्या कुठल्या मुलखात ही थाप चालली नसती. आमच्याकडे ती इतकी सोपी होती, की सगळ्या गावानं उचलली. जो भेटे तो नंदीच्या गालाला हात लावून म्हणे, "येती गं तुजी माय, पट्टा पडला की येती."

थंडी सरत आली तरी तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. मायनं पाटोद्याच्या बाजारातून कुणाकडून तरी दोरा बांधून आणला. मग कपिलधारला नेलं. धबधब्याखाली उभं केलं की वाचा फुटते, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. जाऊन बघतो तर धबधबाच आटलेला. कातळावरून एक ओघळ तेवढा उतरत होता. मायनं तो ओंजळीत धरून धरून नंदीच्या डोक्यावर शिंपडला आणि परतताना मला म्हणाली, "यंदा देवालाच पानी न्हाई. त्यो आपल्याला कुटून देईल?"

एरवी नंदी फार गुणाची झाली होती. हट्ट नाही, रडणं नाही. पाणी तर ती मागायचीच नाही. दिलं तर दोन घोट घ्यायची, नाही दिलं तर ओठ सुकलेले घेऊन बसून राहायची. टँकर चार चार दिवसांनी येणारा, घरोघरी घोटाघोटासाठी पोरांना धपाटे बसायचे. बायका मायला म्हणायच्या, "लई शानी पोर हाय तुमची." मायला त्याचा अभिमान वाटायचा. मी तर गल्लीतल्या पोरांना तिचा दाखला द्यायचे. आज हे लिहिताना मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

एकच खोड तिला लागली होती. अंगणात खड्डा उकरायची, त्यात चिंचोका नाही तर मोडका चमचा ठेवायची, वरून माती लोटायची, हातानं थापायची आणि बघत बसायची. मग पुन्हा उकरायची. दिवसातून वीस वेळा. मला ते दिसलं की माझं डोकं फिरायचं. मी तिचे हात झाडायचे, चमचा फेकून द्यायचे, एकदोनदा मारलंही. मला तेव्हा वाटायचं की हातपाय मळतात आणि धुवायला पाणी नाही, म्हणून मी चिडते.

सोसायटीच्या गोदामात त्या साली खत नव्हतं. शिवणवर्ग एका कोपऱ्यात, आणि उरलेल्या जागेत लहान पोरांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, वाटायचं केंद्र. आक्का गेल्यापासून मी मशिनीकडे फिरकले नव्हते, पण सुकडीसाठी नंदीला रोज नेत असे. केंद्रावर वत्सलाबाई म्हणून एक बाई औरंगाबादहून आलेल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, पोरांमध्ये खाली फतकल मारून बसायच्या. पालीला इतक्या भ्यायच्या, की गोदामात पाल दिसली की पोरंच त्यांना धीर द्यायची. त्या पूर्वी कुठल्याशा बालगृहात होत्या एवढंच आम्हाला माहीत होतं. नंदीला त्यांनी आठवडाभर नुसतं पाहिलं. एक दिवस नंदी गोदामाच्या दाराशी खड्डा उकरायला बसली, मी तिच्या पाठीत धपाटा घालायला हात उगारला, तोच बाईंनी माझं मनगट धरलं.

"मारू नकोस. ती बोलतेय."

मी म्हटलं, "मुकी हाय ती, बाई."

"तोंडानं मुकी आहे. हातांनी रोज तेच सांगतेय. तुम्ही ऐकत नाही."

मग त्यांनी मला तिथंच सगळं विचारून घेतलं, आणि पट्ट्याची थाप ऐकल्यावर चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. म्हणाल्या, "मी हिला बरं करू शकत नाही. माझी आज ना उद्या बदली होईल. तू करशील. रोज अर्धा तास माझ्यासमोर तिच्याबरोबर खेळायचं. खेळ तिचा, तू मागं. काही शिकवायचं नाही, विचारायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. ती जे करेल ते फक्त तोंडानं म्हणायचं."

एवढं सोपं काम मला चार दिवस जमलं नाही. नंदी मातीत बोटं घालायची आणि माझ्या तोंडून निघायचं, "हात काळे झाले बग." बाई म्हणायच्या, "पुन्हा." पाचव्या दिवशी मी दात आवळून म्हटलं, "नंदी खड्डा खनती. नंदीनं चमचा ठिवला. नंदीनं माती लोटली." नंदीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. बाई हळूच म्हणाल्या, "आणि तू कुठं होतीस गं त्या दिवशी?" मी उठले, नंदीला तशीच टाकली आणि घरी पळाले. दोन दिवस तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, ती भांडायलाच. पण दारातून आत पाय टाकला आणि शिवणमशिनीचा आवाज कानावर पडला. मी खाली बसले आणि बाईंना सांगून टाकलं, की मी पोर सांभाळली नाही, मला पायडल मारायचं होतं, मी आक्काच्या पोरीला लोढणं म्हणाले. आईबापाला जे सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या बाईला सांगितलं. त्यांनी माझी समजूत घातली नाही. माझ्या हातावर सुकडीची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "खा. उद्यापासून तुला नीट खेळता येईल."

खरंच येऊ लागलं. पण बाई एका गोष्टीवर अडून होत्या. "तिला खरं सांगायला हवं, पट्टा पडायच्या आत. नाहीतर ती एकेक गाडी शोधत फिरेल, आणि त्यानंतर तुमच्या कुणाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवणार नाही." मी घरी विषय काढला तर माय चुलीपुढून फुंकणी घेऊन उठली. "सांगून काय लेकराचा जीव घेतीस? मोटी झाली की कळंल आपसूक." मी म्हटलं, "तिनं पायलंय, माय." माय म्हणाली, "तुजी शपत हाय, जर बोललीस तर." शपथ घातली म्हटल्यावर मी गप्प बसले. तापट माणसं शपथेला फार भितात.

ऊसच कमी, त्यामुळे यंदा कारखाना लवकर बंद होणार अशी कुणकुण होती. एका सकाळी खरंच सांगावा आला, की पट्टा पडला, तीनचार दिवसांत गाड्या येतील. गल्लीत पोरं नाचायला लागली. नंदी उंबऱ्यात उभी राहून ते ऐकत होती. त्या दिवशी खेळायच्या वेळेला तिनं माती उकरलीच नाही. माझं बोट धरलं आणि चालू लागली. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खेळ तिचा."

ती मला गावाबाहेर घेऊन निघाली. ऊन मी म्हणत होतं, पायाखालचे दगड तापलेले. तिला उचलून घ्यावं, माघारी फिरावं असं दहादा मनात आलं, पण मी तिच्यामागं चालत राहिले. ती थेट तलावाच्या बांधावर गेली आणि त्या बाभळीखाली जाऊन उभी राहिली. काम चालूच होतं. माय मातीची पाटी घेऊन येत होती. आम्हाला पाहिलं, पाटी टाकली आणि ओरडत धावत आली. "हितं कावून आनलीस तिला? तुला शपत घातली हुती ना?"

"म्या न्हाई आनलं," मी म्हटलं. "तिनं मला आनलं."

नंदी पुढं झाली. जिथं कड बसली होती तिथं आता नुसता उतार उरला होता. ती खाली बसली आणि हातांनी उकरू लागली. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "नंदी माती उकरती." मग मी मायकडे पाहिलं. माय मान हलवत होती, नको नको. माझ्या आयुष्यात मी आईनं घातलेली शपथ एकदाच मोडली, ती तेव्हा.

"नंदे, तुजी माय हितं मातीखाली आली हुती. मानसांनी तिला भाईर काडलं. पन ती मेली हुती. आता ती मातीखाली न्हाई. गाडीत बी गेली न्हाई. पट्टा पडला तरी ती येनार न्हाई. आमी तुज्याशी खोटं बोललो."

तिचे हात थांबले. तिचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग निघाला, फाटका, म्हाताऱ्या बाईसारखा.

"म्या पानी मागितलं म्हनून?"

तेव्हा मला समजलं, की आक्का कुणासाठी घागरीकडे गेली होती. आणि ज्या शहाणपणाचं आम्ही पाच महिने कौतुक केलं, ते काय होतं, तेही समजलं. पण बाईंनी सांगितलेलं एक वाक्य डोक्यात पक्कं होतं, की लेकरू विचारेल तेव्हा घुटमळायचं नाही. मी तिची हनुवटी धरली.

"न्हाई. पानी मागितलं म्हनून कड पडत न्हाई. कड खालून पोखरली हुती म्हनून पडली. मोट्या मानसांनी पोखरली हुती. लेकरांनी पानी मागायचंच असतं."

माय इतका वेळ उभी होती. ती धपकन खाली बसली. "म्या बी पोखरली हुती," ती म्हणाली. "तुज्या मायनं, आज्यानं, समद्यांनी. तुजं कायबी चुकलं न्हाई, बाई." आणि आक्का गेल्यापासून जी बाई लेकरासमोर डोळ्याला पदर लावत नव्हती, ती छाती पिटून रडायला लागली. नंदीनं तिच्याकडे पाहिलं, मग तोंड वासलं आणि तीही रडायला लागली. आम्ही तिघी त्या उतारावर सूर धरून रडलो. मला कुणाला समजावायचं भान नव्हतं, आणि समजावू नये हेच बरं होतं.

नंदी त्यानंतर लगेच पूर्वीसारखी झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती आधी फार वाईट झाली. चावायची, अंथरूण ओलं करायची, मला एका जागी बसू द्यायची नाही. आणि एकच प्रश्न, "मेली म्हंजी काय?" बाईंनी बजावलं होतं, की दरवेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. मी भाकरी थापताना सांगायचे, झाडताना सांगायचे, टँकरच्या रांगेत सांगायचे. तिसऱ्या दिवशी विसाव्यांदा विचारलं तेव्हा माझ्या नाकावरची माशी भाजलीच. मी ओरडले. तीही माझ्यावर ओरडली. मायनं चुलीपुढून वळून पाहिलं आणि भाकरी उलटली.

चौथ्या दिवशी गाड्या आल्या. डोंगराच्या वळणावर धुरळा दिसला, घुंगरं वाजली आणि सगळी गल्ली फाट्याकडे पळाली. माय म्हणाली, "हिला आज घरातच ठिवू. समद्यांच्या आया उतरताना बगंल." मी म्हटलं, "बगू दे." नंदीला सदरा घातला आणि घेऊन निघाले. माय पुटपुटत मागून आलीच. आबांची गाडी मागं होती. पुढची गाडी खालच्या गावची, तिच्यावर एक बाई ओझ्यावर बसलेली, तोंड काळवंडलेलं, हातांना चिंध्या बांधलेल्या. गर्दीत बैल अडले तशी ती वाकून नंदीकडे बघत हसली.

"कुनाची गं तू? माय कुटं हाय तुजी?"

मायचा हात नंदीच्या तोंडावर ठेवायला पुढं झाला. मी तो धरला. नंदी त्या बाईकडे सरळ बघत होती.

"माजी माय मेली," ती म्हणाली. "कड पडली. म्या न्हाई पाडली."

नंदीनं तिच्या बोलण्याची वाटही पाहिली नाही. माझं बोट ओढत ती मागच्या गाड्यांकडे निघाली, कारण तिचा बाप त्यांतल्या एकीत होता आणि तो खरोखर यायचा होता.